रुक्मिणीला नापास कसे करावे

‘संगीत स्वयंवर’ हे कृष्ण-रुक्मिणीचे संगीत नाटक पाहायला जाताना आपले मत घरूनच घेऊन जावे. तिसऱ्या घंटेनंतर मत बनवू पाहणाऱ्यांची फार तारांबळ उडते. नांदी, ऑर्गनचे सूर, शेजारच्या पिशवीतल्या वेफर्सची कुरकुर आणि समोर गाणारी मुलगी या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते, आणि त्या गडबडीत ती मुलगी आवडून जाण्याचा धोका असतो. नाटककार खाडिलकरांची ही नायिका, रुक्मिणी, आवडून घेण्यासाठी नसून पडताळून पाहण्यासाठी असते, एवढे ज्याला उमगले तो अर्धा रसिक झाला. उरलेले अर्धे रसिकत्व कसे मिळवायचे, ते सांगतो.

सर्वांत आधी मोजपट्टी ठरवावी. मराठी संगीत रंगभूमीवर नायिकेची भूमिका करणाऱ्या बायकांची तुलना करायची झाली की पहिला क्रमांक पुरुषाला द्यायचा असतो, हे नवख्या माणसाला थोडे चमत्कारिक वाटते. पण सवयीने जमते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर रुक्मिणी उभी केली. पदांच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि त्या याच गळ्याचे माप घेऊन शिवलेल्या. तेव्हापासून ज्या ज्या बाईने ही भूमिका केली, तिला बाई असूनही बाई कितपत जमली, हाच प्रश्न विचारण्याची आपली परंपरा आहे. त्या काळी घरंदाज बायका बालगंधर्वांकडे पाहून लुगडी निवडत, नथ घालत आणि केसांची ठेवण बदलत. तेव्हा बाईने बाईसारखे चालावे कसे आणि लाजावे कसे, याही विषयात अखेरचा शब्द राजहंसांचाच, असे धरून चालावे. यात काही विसंगती आहे असे कुणी म्हणालेच, तर ‘कलेला स्त्री-पुरुष, वय, देह असली बंधने नसतात’ असे शांतपणे सांगावे. हे वाक्य नीट जपून ठेवा. पुढे ते मागे घ्यायचे आहे.

आता एक बारीकशी अडचण उरते. ती म्हणजे आपण बालगंधर्वांना पाहिलेले नाही. १९१६ च्या प्रयोगाला समज येऊन बसायचे, तर आपला जन्म निदान १९०६ च्या आतला हवा. आणि ते १९६७ साली गेले, तेव्हा त्यांच्या उतारवयातले एखादे भजन ऐकायला मिळालेली मंडळीही आता मोजकीच असणार. पण या अडचणीने कुणाचे काही अडलेले नाही. आजोबा कशासाठी असतात? ‘आमचे आजोबा सांगायचे’ हे तीन शब्द प्रत्यक्ष पाहिल्यापेक्षाही जड पडतात, कारण पाहिलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येते, आजोबांची घेता येत नाही. आजोबांचाही आधार नसेल तर तबकड्या आहेत. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. म्हणजे रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत घेत फुलत जाणारे पद तीन मिनिटांत कोंबायचे, समोर श्रोता नाही, लुगडे नाही, कृष्ण नाही, नुसते यंत्र. या तीन मिनिटांशी आज समोर तीन तास उभ्या असलेल्या मुलीची तुलना करणे हा न्यायाचा उत्तम प्रकार होय. आणि डोळ्यांपुढे बालगंधर्वांचा जो चेहरा येतो, तो २०११ च्या चित्रपटातल्या सुबोध भावे यांचा असून कानांत घुमणारा आवाज आनंद भाटे यांचा आहे, असा संशय स्वतःला आला, तर तो मनातल्या मनात दाबून टाकावा.

परीक्षेचा पेपर म्हणून ‘नाथ हा माझा’ घ्यावे. हे पद यमनातले आहे एवढे ठाऊक असणे पुरते; पहिल्या आलापालाच शेजाऱ्याकडे किंचित झुकून ‘यमन आहे, पण तो यमन नाही’ असे म्हणावे. ‘मम आत्मा गमला हा’ला ‘बिहाग आहे, पण तो बिहाग नाही’ आणि ‘स्वकुल तारक सुता’ला ‘भीमपलास आहे, पण’ एवढेच म्हणून थांबले तरी चालते. तोवर शेजारी पुढचे स्वतःच पुरे करू लागलेला असतो. तो ‘तो’ म्हणजे नेमका कोणता, असे विचारण्याइतका वाईट शेजारी मला अजून भेटलेला नाही. पुरुषाची पट्टी आणि बाईची पट्टी वेगळी असते, तीच चाल दुसऱ्या पट्टीत नेली की तार सप्तकातल्या स्वराचा रंग बदलतो, आणि त्या बदललेल्या रंगातही काही सौंदर्य असू शकते, हा मुद्दा कुणी काढू लागल्यास त्याला मध्यंतराच्या वड्याकडे वळवावे.

यानंतर खरी कसोटी येते, आणि इथे थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण नवखे परीक्षक इथेच घसरतात. समजा, ती गायिका बालगंधर्वांसारखी गायली: तीच लडिवाळ हरकत, शब्द तसाच कुरवाळून घेतलेला, समेवर तसेच अलगद येणे. तर ती ‘नक्कल’ आहे असे म्हणावे. समजा, ती त्यांच्यासारखी गायली नाही, तिने स्वतःच्या गळ्याला शोभेल अशी वाट काढली. तर ‘गंधर्व गायकी लोपली’ असे म्हणून सुस्कारा सोडावा. या दोन खोल्यांच्या घरात तिसरी खोली बांधू नये, नाहीतर गायिका तिथे राहायला येईल. याचा पहिला मोठा प्रयोग गोहरबाई कर्नाटकी यांच्यावर झाला. त्या १९३० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीत आल्या, आणि बालगंधर्वांची गायकी त्यांच्या गळ्यात इतकी मुरलेली होती, की हा एवढा सारखेपणा कुणाही गुणी माणसाच्या बाबतीत कौतुकाचा विषय झाला असता. गोहरबाईंच्या बाबतीत मात्र लोकांनी गाण्याऐवजी त्यांची जात, धर्म, घर आणि बालगंधर्वांशी असलेले नाते यांचीच अधिक बारकाईने समीक्षा केली. गाणे न ऐकता गायिकेवर मत देण्याची कला आपल्याकडे तेव्हापासून चांगली रुजलेली आहे, तिचा अभिमान असू द्यावा.

दुसरा प्रयोग एका घरात घडला, आणि तो आपल्या शास्त्राच्या दृष्टीने अधिक सोयीचा आहे. जयमाला शिलेदार या खुद्द बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर उभ्या राहिलेल्या. १९४९ पासून ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेचा संसार त्यांनी आणि जयराम शिलेदारांनी गावोगाव ओढला, ज्या काळात संगीत नाटक संपले असे लोक दर वर्षी नव्याने जाहीर करत, त्या काळात. त्यांची रुक्मिणी बालगंधर्वांच्या खाली ठेवायची. मग त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार आल्या, त्यांनीही रुक्मिणी केली. ती आईच्या खाली ठेवायची. अशी ही उतरंड एकदा रचली की तिच्यात भर टाकणे सोपे जाते. कीर्तीबाईंच्या ताना आईच्या गाण्यात नव्हत्या, तर ‘आईचा गोडवा कुठे?’ म्हणावे, आईचा गोडवा त्यांच्यात सापडला, तर ‘आईचेच आहे सगळे, हिचे काय?’ म्हणावे. दोघींनी मिळून किती वर्षे, किती तालुक्यांतल्या कसल्या कसल्या मंडपांत, कसल्या ध्वनिक्षेपकांसमोर ही पदे जिवंत ठेवली, हा हिशेब गुणपत्रिकेत बसत नाही. २०१३ साली जयमालाबाई आणि २०२२ साली कीर्तीबाई गेल्या. तेव्हापासून दोघीही एकदम वरच्या पायरीवर गेल्या असून आजच्या रुक्मिणीला मोजायला आता तीन मोजपट्ट्या उपलब्ध आहेत. ज्यांनी कीर्तीबाईंच्या प्रयोगात जयमालाबाईंसाठी सुस्कारे टाकले, त्यांनी तेच सुस्कारे आता कीर्तीबाईंसाठी वापरावेत. नवे घ्यावे लागत नाहीत.

आता ते जपून ठेवलेले वाक्य काढा. कलेला वयाचे आणि देहाचे बंधन नसते, हे आपण बालगंधर्वांच्या संदर्भात म्हणालो होतो, आणि ते योग्यच होते. साठीच्या आसपासचा, देह सुटलेला एक पुरुष उपवर राजकन्या होऊन उभा राहिला आणि लोकांनी डोळे मिटून ती राजकन्या पाहिली, याहून स्वराचा मोठा विजय कुठला? पण समोरच्या गायिकेने चाळिशी ओलांडली असेल, तर तेच वाक्य ताबडतोब मागे घ्यावे आणि ‘आता हिने रुक्मिणी सोडून द्यावी’ असे म्हणावे. ती पंचविशीची, सडपातळ, दिसायला नेटकी असेल, तर ‘दिसते ठीक, पण गाणे अजून पिकायचे आहे’ असे म्हणावे. गाणे पिकेपर्यंत चाळिशी येतेच, तेव्हा वरचे वाक्य तयार आहेच.

साथीचाही विचार करावा, मात्र तो गायिकेच्याच खात्यावर मांडून. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता, सारंगीला कादरबक्ष होते. उंची लुगडी, खरे दागिने, प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ असा थाट होता, आणि त्या थाटापायी कंपनी कर्जात आकंठ बुडालेली होती. आजच्या प्रयोगात एक ऑर्गन, एक तबला, गालाला चिकटवलेला माइक आणि भाड्याने आणलेला मुकुट असतो. ‘ते वैभव आता राहिले नाही’ असे म्हणताना मान हलवावी. ते वैभव परत आणायला तिकीट काढून येणारा प्रेक्षक लागतो, हा विचार मनात डोकावला तर आपण प्रवेशिका कुणाकडून मिळवली होती ते आठवावे, म्हणजे तो आपोआप मावळतो.

वेळेच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. पूर्वी नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, एकेका पदाला दोन-तीनदा ‘वन्समोअर’ मिळे, हे सांगून ‘हल्ली गातातच कुठे मनसोक्त?’ असे विचारावे. पण गायिकेने खरेच एखादे पद आठ-नऊ मिनिटे रंगवले तर मोबाइलचा उजेड पाडून घड्याळ पाहावे. दोन्ही एकाच प्रयोगात केले तरी हरकत नाही, फक्त एकाच शेजाऱ्यापुढे करू नये.

एवढ्या उपदेशाचा मला अधिकार काय, असे आपण विचाराल. मी स्वतः अनेक रुक्मिणींना नापास केलेले आहे. एका प्रयोगाला मी पहिल्यापासून डोळे मिटून, कपाळाला आठी घालून, घरच्या तबकडीवरचे ‘नाथ हा माझा’ मनात चालू ठेवून बसलो होतो, जेणेकरून दोन्हींतला फरक जागच्या जागी टिपता यावा. टाळ्या पडल्या तेव्हा डोळे उघडले. घरी आल्यावर बायकोने विचारले, “अहो, कशी गायली हो ती?” मी तबकडीबद्दल पाऊण तास बोललो. “आणि ती?” असे तिने पुन्हा विचारले, तेव्हा त्या गायिकेने कोणत्या रंगाचे लुगडे नेसले होते, हेसुद्धा मला सांगता येईना. याला मी एकाग्रता म्हणतो. बायकोचा शब्द वेगळा आहे.

शेवटचा भाग रंगपटातला. प्रयोग संपल्यावर आत जावे, कारण तोंडावर केलेली तुलना हीच खरी दाद. ती अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्याने, घामेजलेली, हातात चहाचा कागदी पेला धरून उभी असेल. आपल्याला पाहताच पेला खाली ठेवून वाकून नमस्कार करील. ‘छान झाले हो’ एवढे म्हणून थोडे थांबावे, मग ‘पण’ म्हणावे, आणि या ‘पण’नंतर बालगंधर्व, जयमालाबाई, कीर्तीबाई यांची नावे एकेक करून, प्रत्येक नावाला कानाच्या पाळीला हात लावत घ्यावीत. आपल्यामागे याच मजकुराची आणखी चार माणसे उभी असतात, तेव्हा आटोपते घ्यावे. बहुतेक मुली ‘हो काका’ म्हणून सोडून देतात. एखादी मात्र वही काढते, पेन्सिल शोधते आणि अगदी मनापासून विचारते, “काका, ‘नाथ हा माझा’च्या त्या जागेला ते नेमकं काय करायचे? मला तबकडीवरून नीट कळत नाही. तुम्ही गुणगुणून दाखवाल का?”

अशा वेळी घड्याळ पाहावे, ‘अरे बापरे, शेवटची बस’ म्हणावे आणि मागच्या दाराने निघावे.