मोहल्ल्यातल्या दवाखान्यात डॉक्टरबाई कधी येणार?

केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू केला. तेव्हा देशभरातून निवडलेल्या ९० जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि त्यांपैकी परभणी व हिंगोली हे दोन आपल्या मराठवाड्यातले. देशातल्या मुस्लिम समाजाची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला होता, त्यामुळे या निवडीकडे आम्ही पुष्कळ आशेने पाहिले. २०१८ पासून हाच कार्यक्रम प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम या नावाने चालतो आणि त्यातला ८० टक्के निधी शिक्षण, आरोग्य व कौशल्यविकास यांच्यासाठी राखलेला आहे. ही तरतूद चांगली आहे, ती टिकलीच पाहिजे. तरीही आरोग्यातली दरी तिने बुजेल असे मला वाटत नाही, कारण हा निधी मुख्यतः बांधकाम आणि साधनसामग्री यांच्यासाठी आहे. इमारत अल्पसंख्याक विकासाच्या पैशातून उभी राहते, पण तिथे बसणारा डॉक्टर, परिचारिका आणि औषधसाठा आरोग्य यंत्रणेने पुरवायचा असतो, आणि मराठवाड्यातली रिक्त पदे हा काही आजचा प्रश्न नाही.

परभणीत माझे घर एका मुस्लिमबहुल वस्तीला लागून आहे. वस्तीतले पुरुष हमाली, वेल्डिंग, गॅरेज किंवा भंगाराच्या कामावर जातात आणि बायका घरी बसून शिवणकाम करतात. हातावर पोट असलेल्या माणसाला सकाळची ओपीडी गाठायची म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. शेजारची एक बाई मला म्हणाली, “ताई, दवाखाना आहे, पण तपासणारी बाई नाही.” पांढरे जाणे, गर्भपिशवीचा त्रास, छातीतली गाठ अशा तक्रारी ती पुरुष डॉक्टरपुढे बोलत नाही, आणि मला त्यात तिचा काही दोष दिसत नाही. (संकोच सगळ्याच समाजांतल्या बायकांना असतो, पैसे असलेल्या बाईला खासगी डॉक्टरीण गाठता येते, एवढाच फरक.) शेवटी दुखणे अंगावर निघते आणि ते हाताबाहेर गेल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयापर्यंत धावपळ होते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आले. शहरात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र असावे आणि कष्टकऱ्यांच्या सोयीसाठी ते संध्याकाळीही चालावे, हा विचार त्या अभियानातच मांडलेला आहे. त्याची अंमलबजावणी करायला नवी योजना कशाला हवी?

“हे लोकच लस घेत नाहीत, दवाखान्यात येत नाहीत,” असे काही सुशिक्षित मंडळी अगदी सहज बोलून जातात, त्याचे मला फार वाईट वाटते. गरिबी असूनही मुस्लिम समाजातील बालमृत्यूचे प्रमाण हिंदूंमधील सरासरीपेक्षा कमी असल्याची नोंद खुद्द सच्चर समितीने केली होती. शौचालयांचा अधिक वापर हे त्याचे एक कारण असल्याचे पुढे अभ्यासकांनी मांडले. म्हणजे मुलांची काळजी घेणारा हा समाज आहे. लसीबद्दल शंका असते तिथे घरोघरी बसून बोलणारी आशा ताई ती दूर करते, आणि तिलाच आपण तुटपुंज्या मोबदल्यावर राबवतो.

योजनांच्या अटींमध्येही भेद लपलेला असतो. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी दिले जाणारे जननी सुरक्षा योजनेचे पैसे, म्हणजे ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये, महाराष्ट्रासारख्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातीच्या आणि अनुसूचित जमातीच्या मातांनाच मिळतात. अनुसूचित जातीच्या बाईला ते मिळतात हे योग्यच आहे, तिच्या हक्काला धक्का लागावा असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांनुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सफाईचे काम करणाऱ्या मुस्लिम घरातल्या बाळंतिणीला दारिद्र्यरेषेचा कागद दाखवावा लागतो, आणि भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कुटुंबांकडे नेमका तोच कागद नसतो. रक्कम लहान आहे, हे खरे. पण बाळंतपणाच्या आठवड्यात रिक्षाचे भाडे आणि दूध त्यातून निघते.

आणखी एक गोष्ट मोजमापाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात पंडुरोग (ॲनिमिया), लसीकरण, संस्थात्मक प्रसूती यांचे आकडे अख्ख्या जिल्ह्याचे एकत्र असतात. परभणी जिल्ह्यातल्या मुस्लिम किंवा बौद्ध मातांची स्थिती त्यातून कळत नाही. मग कोट्यवधी रुपये खर्चून कोणाचा पंडुरोग किती घटला, हे अधिकारी तरी कशावरून सांगणार? धर्मनिहाय नोंदी करण्यात धोके आहेत आणि वस्तीतल्या लोकांना त्यांची भीतीही वाटते, म्हणून मी वस्तीनिहाय आकड्यांचा आग्रह धरते. आशा ताईंच्या वह्यांतून ते निघू शकतात.

अल्पसंख्याकांसाठीच्या पंतप्रधानांच्या १५ कलमी कार्यक्रमाची जिल्हास्तरीय समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. तिच्यावर असलेल्या लोकप्रतिनिधींना आणि संस्थांना माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीत नव्या बांधकामांचे प्रस्ताव मांडण्याआधी आजवर पूर्ण झालेल्या प्रत्येक आरोग्य इमारतीची यादी मागवा आणि तिथे किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी येते आणि ओपीडी किती वाजता बंद होते, हे त्याच यादीत लिहून घ्या.