पाढे पाठ असूनही भागाकार का चुकतो?

‘आमच्या काळी पावकी-दिडकी (पावपटीचे, दीडपटीचे पाढे) तोंडपाठ होती म्हणून गणित पक्के होते, आता पाठांतर बंद करून काड्या, मणी आणि खोट्या नोटांत वर्ष घालवतात, म्हणून पाचवीच्या मुलाला साधा भागाकार येत नाही’, अशा आशयाचा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरत असतो. भागाकार येत नाही, एवढे त्यातले खरे आहे. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या जेमतेम ३१ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. मजकुरात दिलेले कारण मात्र तपासून पाहिले पाहिजे.

पाढे आले की गणित आपोआप येते, हा पहिला दावा. ६१२ ला ६ ने भागताना अनेक मुले ‘सहा एके सहा’ म्हणून १ लिहितात, पुढच्या १ ला भाग जात नाही म्हणून २ खाली उतरवून घेतात, ‘सहा दुणे बारा’ म्हणतात आणि उत्तर १२ काढतात. इथे दोन्ही वेळा पाढा अचूक आहे, तरी उत्तर चुकले आहे, कारण पहिला ६ म्हणजे सहाशे आहेत हे मुलाच्या ध्यानातच नाही. हेच ६१२ रुपये सहा जणांत वाटायला दिले, तर शंभराची एकेक नोट प्रत्येकाला मिळते. दहाची एकच नोट सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून तिची मोड करावी लागते आणि मग बारा सुटे रुपये दोन-दोन वाटले जातात. दहाची नोट कोणालाच मिळाली नाही, हे मुलाला समोर दिसते, आणि १०२ मधले शून्य कुठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही.

साधने म्हणजे वेळेचा अपव्यय, हा दुसरा दावा, आणि त्यात थोडे तथ्य आहे. शिक्षकाने टेबलावर नोटा मांडायच्या, चाळीस मुलांनी लांबून पाहायच्या आणि नंतर फळ्यावर त्यांच्याशी संबंध न जोडता उदाहरण सोडवायचे, असे झाले तर वेळ वायाच जातो. नोट मोडल्याबरोबर मुलाने वहीत ती पायरी लिहिली पाहिजे, काही दिवसांनी नोटांऐवजी चित्र काढले पाहिजे आणि शेवटी केवळ अंकांवर काम केले पाहिजे. हा क्रम सुटला तर दोष क्रम सोडण्याचा आहे, साधनांचा नव्हे.

राहिली पावकी आणि दिडकी. सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर असताना पाव, निम्मे, दीडपट यांचे पाढे रोजच्या बाजारात लागत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ती गरज ओसरली. शिवाय ‘आमच्या काळी सगळ्यांना येत असे’ म्हणताना, १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते. जी मुले शाळेत पोचलीच नाहीत, त्यांचे गणित या आठवणीत धरलेलेच नाही.

पाठांतर बंद केले, हे तर सरळसरळ चूक आहे. बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत पाढे आजही आहेत आणि ते असायलाच हवेत, कारण प्रत्येक गुणाकार बोटांवर मोजणाऱ्या मुलाचे लक्ष मूळ उदाहरणावरून उडते. प्रश्न आधी काय करायचे एवढाच आहे. आठ-आठ खड्यांच्या सात ओळी मांडून, त्यांतल्या पाच ओळींचे चाळीस आणि दोन ओळींचे सोळा असे छप्पन्न स्वतः मिळवलेल्या मुलाकडून आठाचा पाढा खुशाल रोज म्हणवून घ्यावा. मध्येच ‘आठ सत्ते’ अडले, तर ते कसे काढायचे हे त्याला ठाऊक असते.