पेस्ट कंट्रोल करा, पण पुरतं नको

गोव्यात राहायचं आणि घरात फक्त आपणच राहायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल लडाखला जावं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चिऱ्याच्या भिंती अर्धं वर्ष ओल धरून, आणि बाहेर भिजणाऱ्या यच्चयावत जिवांना आपल्याच घराचा पत्ता पाठ, त्यामुळे पेस्ट कंट्रोल तर करावंच लागतं. फक्त ते अशा बेताने करायचं की पुढच्या वर्षी परत करावं लागेल. त्या केमिकलवाल्या पोराला पण पोट आहे ना.

सोप्यापासून सुरू करू, म्हणजे झुरळं. फोंड्यात नाहीतर पर्वरीला फ्लॅट असेल तर पोरगा येतो, सिंकखाली, कपाटाच्या बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मोटरमागे जेलचे बारीक ठिपके लावतो आणि जाताना सांगतो की हे पुसू नका आणि यावर स्प्रे मारू नका. तो लिफ्टमध्ये शिरला की फिनेलचं फडकं काढा. स्वच्छतेत आपण कमी पडायचं नाही. रात्री एखादं झुरळ दिसलं तर बाजारातला स्प्रे नेमका त्या ठिपक्यांवरच मारा, कारण जेल म्हणजे झुरळांसाठी वाढलेली पंगत असते, ते खाऊन एक मरतं आणि त्याचं मढं नि घाण खाऊन बाकीचे मरतात, आणि स्प्रेचा वास आला की पानावर कोणी बसतच नाही. दुसरी व्हिजिट तर अजिबात घेऊ नका. किचनमधल्या त्या लहान झुरळाच्या एकेका अंडीकोषात तीस-चाळीस अंडी असतात, औषध त्याच्या आत जात नाही, म्हणून पिल्लं बाहेर आल्यावर परत यायचं असतं, पण ही व्हिजिट पॅकेजमध्येच असल्यामुळे तिला किंमत ती काय. फोन आला की सांगा, आता कमी झालीयेत, नंतर बघू.

आणि हो, सगळ्या बिल्डिंगने एकदम करायचं असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालंच तर हाणून पाडा. आपण आपल्यापुरतं करावं, झुरळं डक्टमधून वरच्यांकडे जातात, मग वरचे करतात, मग ती परत येतात. शेजारधर्म याहून वेगळा काय असतो?

आता वाळवी. जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या जमतात, आपण लाईट बंद करतो, खाली परातीत पाणी ठेवतो, सकाळी पंख झाडून काढतो आणि विषय संपला म्हणतो. उत्तम. तो थवा घराच्या पायातून उठला की बाहेरून आला ते बघायला वाकायचं नाही, दाराच्या चौकटीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर त्यावर गणपतीचं कॅलेंडर लावा. पुढे कधी चौकटीत बोट आत गेलं की मग मोठी ट्रीटमेंट, फुटा-फुटावर ड्रिल मारून जमिनीत औषध सोडायचं, पाच वर्षांची गॅरंटी. गॅरंटीचा कागद हातात आला की प्लंबरला बोलावून बाथरूमची फरशी उखडून घ्या, म्हणजे जमिनीतला औषधाचा थर तिथल्या तिथे तुटतो आणि वाळवीला रस्ता मोकळा. बाथरूमचा गळका नळ मात्र बदलू नका, तिला ओल लागते. सागवान आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांचं नक्की ऐका. सागाचा गाभा टिकतो हे खरंच आहे, पण काकांच्या दाराला सुताराने गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड किती घातलंय ते काकांना कुठे माहीत.

डासांचं फार सांगायला नको, ते आपण चांगलं करतो. गाडीवरचं प्लास्टिक, करवंट्या, आसगावच्या बाजूला दिल्लीवाल्यांचे दहा महिने बंद असलेले व्हिले आणि त्यांचे हिरवेगार स्विमिंग पूल, सगळं व्यवस्थित चालू आहे. पिंपातलं पाणी ओतून टाकलं की समाधान मानायचं, कडा घासायची नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. मग ताप सुरू झाले की पंचायतीत फॉगिंगसाठी भांडा. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, पण फोटो काय छान येतो.

पर्यटकांना रूम देणाऱ्यांनी डिसेंबरात बॅगांतून येणाऱ्या ढेकणांचा पाहुणचार करावा, गादी उन्हात टाकायला नेताना सगळ्या जिन्यावरून घासत न्यावी, एवढंच.

उंदरांचं खरं सुख कौलारू घरात. आंब्याची फांदी छपराला टेकलीये ती छाटू नका. पुरुमेंताचं सामान, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं तांदूळ, सोलं, सुकं मासं, मे महिन्यात भरून झालं की पोती जमिनीवरच ठेवा, पत्र्याचे डबे कोण घेत बसणार. उंदीर वाढले की धामण येते, कधी नाग येतो, मग सर्पमित्राला फोन करा आणि तो येईपर्यंत शेजाऱ्यांना गोळा करून ठेवा.

विष घालायचंच तर मुहूर्त बघून घाला, चवथीच्या चार-पाच दिवस आधी. ती केक खाऊन उंदीर लगेच मरत नाही, आतून रक्तस्राव व्हायला काही दिवस जातात, आणि तो पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो असं दुकानदार सांगतो, उंदराला मात्र हे कोणी सांगितलेलं नसतं. तो माळ्यावर, बरोबर गणपतीच्या खोलीच्या वर, फळीच्या मागे जाऊन पडतो. मुंबईहून भावकी आलेली, आरतीला वाजवायचं घुमट तापवलेलं, आरती सुरू, आणि वरून तो वास. घाबरायचं नाही, गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीला दरवर्षी एकतरी रानफळ असतं ज्याचं नाव घरात कोणालाच येत नाही, वास त्याचाच म्हणून सांगा.