मांजराला पाण्याचं वावडं? कुणी सांगितलं!

उन्हाळा लागला की दोन प्रकारचे व्हिडिओ माझ्या फोनवर हमखास येऊन पडतात. एकात टबात बुडवलेलं घरचं मांजर जिवाच्या आकांताने ओरडत असतं आणि मागे कुणीतरी खिदळत असतं. दुसऱ्यात ताडोब्यातला वाघ पाणवठ्यात गळ्यापर्यंत पसरलेला असतो. खाली ठरलेली कमेंट, ‘मावशी घाबरट, भाचा बिनधास्त!’ गंमत म्हणून ठीक आहे. पण त्या दोन व्हिडिओंत एक साधा फरक आहे. वाघ आपल्या पायांनी पाण्यात गेलाय, मांजराला मानगूट धरून नेलंय. मला कुणी असं टबात घातलं तर मीही ओरबाडेन.

माझं म्हणणं एवढंच की वाघ असो नाहीतर सोसायटीतला बोका, पाण्यात कधी शिरायचं, किती शिरायचं आणि केव्हा बाहेर यायचं हे त्यालाच ठरवू द्यावं. आपण मध्ये पडलो की सगळं बिघडतं.

आधी घरच्या मांजराचं बघू. आपल्या मांजरांचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं जनावर. तिथे नदी-तळी कुठून आणायची? उंदीर, पाखरं, सरडे यांच्या मांसात जो ओलावा असतो, त्यावर बरंचसं भागवायचं. मूत्रपिंडंही त्याच हिशेबाने घडली, पाण्याचा थेंब न् थेंब राखून लघवी घट्ट करणारी. अंगावर वरच्या केसांखाली मऊ लव असते, ती पाणी धरून ठेवते. चार किलोच्या जिवाने भिजलेली गोधडी अंगावर घेऊन फिरायचं, वर अंगातली ऊब भराभर निघून जाणार! शिवाय त्याला तुमच्या शाम्पूची गरजच नसते. मांजराच्या जिभेवरचे ते खरखरीत काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात. ते लाळ उचलतात आणि पार कातडीपर्यंत पोचवतात. म्हणजे अंघोळ रोज चालूच असते, आपल्याला बादली दिसत नाही इतकंच. अंगाला तेल, रंग काही लागलं, बुरशीचा आजार झाला, तर डॉक्टर सांगतील तशी अंघोळ घालावी, त्याला कोण नाही म्हणतंय? पण ‘दर रविवारी पार्लरला नेतो, छान सुगंध येतो’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तो सुगंध तुमच्या नाकासाठी आहे. मांजर घरी येऊन पुढचा तासभर तोच चाटून काढत बसतं.

आता भाचा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे आम्हा विदर्भवाल्यांना कुणी सांगायला नको. दीड-दोनशे किलोचा वाघ, अंगाला घाम नाही, घामाच्या ग्रंथी जवळपास सगळ्या पंजाच्या गाद्यांपुरत्या. एवढ्या मोठ्या धडातली उष्णता बाहेर टाकायची कुठून? म्हणून तो पाण्यात बसतो, आणि तासन् तास बसतो. त्याचं शिरणं बघण्यासारखं असतं. काठाशी येतो, थांबतो, वळतो आणि पाण्याकडे पाठ करून मागे मागे सरकत उतरतो. आधी शेपूट भिजते, मग मागचे पाय, मग पोट. तोंड काठाकडे आणि कोरडं. डोळ्यांत पाणी जाऊ नये आणि समोरचं रान नजरेत राहावं म्हणून तो असं करतो, असं गाईड सांगतात. पटण्यासारखं आहे. म्हणजे बघा, पाण्यावर एवढं प्रेम असलेला हा गडीसुद्धा तोंडावर पाणी उडालेलं खपवून घेत नाही. मावशीचे गुण कुठे जातात!

पोहण्यात मात्र त्याचा हात धरणारं मार्जारकुळात फार कुणी नाही. सुंदरबनात वाघाला खाड्या ओलांडल्याशिवाय चालता-फिरताच येत नाही. तिथल्या एका नर वाघाला डिसेंबर २०२० मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो पुढच्या काही महिन्यांत सुमारे शंभर किलोमीटर भटकत बांगलादेशात पोचला, आणि वाटेतल्या काही नद्या किलोमीटरभराहून रुंद होत्या. पासपोर्ट कुणी विचारला नाही. रणथंबोरला १९८०च्या दशकात चंगेज नावाचा एक वाघ होऊन गेला. तळ्यात उतरून वनस्पती खाणाऱ्या सांबरांवर तो काठावरून थेट पाण्यात झेप घ्यायचा आणि शिकार ओढून आणायचा. त्याच तळ्यात मगरीही होत्या.

सिंहाचं नाव पाण्याच्या संदर्भात आपण घेत नाही. पण युगांडातल्या जेकब नावाच्या सिंहाने फेब्रुवारी २०२४ मध्ये भावाला सोबत घेऊन काझिंगा नावाचा कालवावजा जलमार्ग पोहून पार केला, दीडेक किलोमीटर, रात्रीच्या अंधारात, पाणघोडे आणि मगरींच्या मधून. जेकबला तीनच पाय आहेत. चौथा शिकाऱ्यांच्या सापळ्यात गेला. मग का पोहला? पलीकडे माद्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज. त्याच रात्री ते आधी दुसऱ्या नरांकडून मार खाऊन आले होते. अडचण आली की ‘आवडतं का’ हा प्रश्नच उरत नाही.

आणि मासेमार मांजर! हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. पश्चिम बंगालचा राज्यप्राणी आहे हा. घरच्या मांजराच्या दुपटीने मोठं, बोटांमध्ये थोडा पडदा, अंगावर पाणी आत न झिरपू देणारी दाट लव. काठावर बसून पंजाने मासे उडवतं, वेळ पडली तर सरळ बुडी मारतं. ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या काठच्या पाणथळीत त्यांची चांगली वस्ती आहे. पाणथळी बुजवून प्लॉट पाडले की सगळ्यात आधी हे जनावर जातं, आणि गेलेलं कुणाला कळतही नाही, कारण त्याच्यासाठी सफारी नसते.

बिबट्याचं प्रकरण मला सगळ्यात जास्त छळतं. बिबट्या उत्तम पोहतो, पण वाघासारखा हौसेने डुंबत नाही. पाणी पिऊन निघून जातो. आणि आपल्याकडे बिबट्याची पाण्याशी गाठ पडते ती विहिरीत. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, इकडे नाशिक-नगरचा उसाचा पट्टा. उसात जन्मलेले, उसातच वाढलेले बिबटे. रात्री कुत्र्यामागे नाहीतर कोंबडीमागे धावायचं, आणि मध्ये जमिनीच्या पातळीवरची, कठडा नसलेली विहीर. गवत आणि ऊस काठापर्यंत, अंधारात दिसणार काय?

सकाळी मोटार चालू करायला आलेल्या शेतकऱ्याला आतून गुरगुर ऐकू येते. तोवर ते जनावर कित्येक तास पोहत असतं. दगडी बांधकाम शेवाळलेलं, नखं घसरतात. कधी मोटारीचा पाइप कवटाळलेला, कधी एखाद्या कपारीत पुढचे दोन पंजे रुतवून बाकीचं शरीर पाण्यात. वनखात्याची माणसं येतात, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली टीम येते आणि पहिलं काम काय करतात? चार कोपऱ्यांना दोर बांधून एक बाज खाली सोडतात. साधी घरातली बाज! दमलेला बिबट्या त्या बाजेवर चढतो, धापा टाकत बसतो, अंग झटकतो. मग पिंजरा उतरवला जातो, दार उघडं ठेवून. ही माणसं घाई करत नाहीत, हे मला फार आवडतं. तो आपणहून पिंजऱ्यात शिरेपर्यंत थांबतात. घाई असते ती काठावरच्या गर्दीला. शिट्ट्या, मोबाइल, ‘ए बघ बघ’. बाजेवरून बिचकून बिबट्या परत पाण्यात पडतो तो या गोंधळामुळे. गावाने दोन तास लांब थांबायचं ठरवलं तर निम्मं काम तिथेच होतं. आणि विहिरीला कठडा बांधायला, जाळी टाकायला सरकारी योजना, संस्था, गावकी कुणीही पुढे या, पण करा. त्याच विहिरीत शाळेतली पोरंही पडतात.

काठावरची ही गर्दी जंगलातही असते, फक्त तिथे तिने तिकीट काढलेलं असतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या गराड्यात अडकले. व्हिडिओ देशभर फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते रस्त्यावर घडलं म्हणून दिसलं तरी. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या काठी जे चालतं ते इतकं उघड नसतं. वाघीण झाडीत उभी, पाणी पन्नास पावलांवर, मध्ये गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडीत कुणाला तरी ‘हेड-ऑन’, म्हणजे वाघ थेट समोरून येतानाचा, फोटो हवा. ती बसून राहते, कधी मागे फिरते. आपण म्हणतो, ‘आज साइटिंग नाही झालं.’ पाण्यापर्यंतची वाट मोकळी सोडायची हा नियम सगळे गाईड तोंडपाठ म्हणतात. तो मोडायला लावणारे बहुतेक वेळा मागच्या सीटवरचे आपणच. ड्रायव्हरला ‘भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना’ कोण म्हणतं?

बरं, घरच्या मांजराला पाण्यात घालू नका म्हटलं, पण त्याच्या पोटात पाणी जायलाच हवं. ते कसं पितं हे २०१० साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत छापून आलं होतं. रोमन स्टॉकर या संशोधकांनी घरच्या कट्टा कट्टा नावाच्या मांजराला पिताना बघितलं आणि सहकाऱ्यांबरोबर वेगवान कॅमेरा लावला. मांजर जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटकन वर घेतं. त्याबरोबर पाण्याचा बारीक खांब उठतो, आणि तो खाली कोसळायच्या आत जबडा मिटतो. सेकंदाला साधारण चार वेळा! मिशा, हनुवटी कोरडी. वाघ-सिंहही असेच पितात, फक्त सावकाश.

पण एका घोटात येतं किती, तर जेमतेम थेंबभर. त्यात मुळात तहान कमी लागणारं जनावर आणि आपण त्याला सकाळ-संध्याकाळ कोरडे दाणे देतो. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबतो. तेव्हा ओलं खाणं द्या, पाण्याची पसरट भांडी खाण्यापासून लांब दोन-तीन ठिकाणी ठेवा. आमचा बोका भांड्याकडे ढुंकून बघत नाही, बेसिनच्या नळाची धार लागते साहेबांना, तर तीही सोडतो आम्ही. आणि बोका लिटर बॉक्समध्ये सारखा जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. मूत्राशय तुंबलेला बोका एक-दोन दिवसांतच हातचा जातो.