जपानचं ‘सर्वात वेगवान इंटरनेट’: फॉरवर्डमधला आकडा खरा, बाकी बरंच चुकीचं

जुलै २०२५ पासून एक मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि फेसबुकवर फिरतो आहे. मध्ये थोडा थंडावतो आणि परत वर येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जपानने १.०२ पेटाबिट प्रति सेकंद वेगाचं, जगातलं सर्वात वेगवान इंटरनेट तयार केलं. त्यावर अख्खं नेटफ्लिक्स एका सेकंदात डाउनलोड होतं. हे नेट भारताच्या सरासरी ६३.५५ एमबीपीएसपेक्षा १ कोटी ६० लाख पट वेगवान आहे. आणि त्यासाठी नवी केबलही टाकावी लागत नाही, आहे तीच चालते. शेवटी ठरलेलं वाक्य: ‘आणि आपण अजून बफरिंग बघत बसलोय.’

१.०२ पेटाबिट हा आकडा खरा आहे (एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट). प्रयोग खरा आहे, आणि तो फार मोठ्या तोलाचा आहे. म्हणूनच हा मजकूर वाचून मला चीड येते. ज्यासाठी त्या संशोधकांचं कौतुक व्हायला हवं ती गोष्ट यात कुठेच नाही, आणि जे त्यांनी केलंच नाही ते त्यांच्या नावावर खपवलं जातं. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘जगातलं सर्वात वेगवान इंटरनेट’

ते इंटरनेट नव्हतं. जपानची सरकारी संशोधन संस्था एनआयसीटी आणि सुमितोमो इलेक्ट्रिक यांनी प्रयोगशाळेत केलेला, फायबरमधून माहिती पाठवण्याचा तो प्रयोग होता. एप्रिल २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ओएफसी या फायबर-संपर्कावरच्या परिषदेत तो मांडला गेला. त्याला कुठलीही वेबसाइट जोडलेली नव्हती, कुठलं घर जोडलेलं नव्हतं.

‘सर्वात’ हेही चूक. याच संस्थेने २०२३ मध्ये एका फायबरमधून २२.९ पेटाबिट प्रति सेकंद पाठवून दाखवले होते, म्हणजे या आकड्याच्या बावीस पट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेमका १.०२ पेटाबिट हा आकडाही याच संस्थेने २०२२ मध्येच गाठला होता. मग २०२५ मध्ये नवं काय झालं? अंतर. २०२२ चा प्रयोग ५१.७ किलोमीटरचा होता, २०२५ चा १,८०८ किलोमीटरचा. सगळी मेहनत या अंतरात आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच आकडा गळलेला असतो.

हे अंतर इतकं अवघड का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरा पराक्रम इथे आहे. आपल्या गल्लीतल्या फायबरची काच मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे ०.१२५ मिमी जाड असते. तिच्या मधोमध एकच गाभा असतो, साधारण ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि प्रकाश त्यातून जातो. जपानी प्रयोगातल्या फायबरची जाडी तीच, पण आत गाभे १९. इतक्या कमी जागेत ते इतके खेटून बसतात की एकातला प्रकाश शेजारच्यात शिरणारच. २०२२ च्या फायबरमध्ये चारच गाभे होते आणि ते एकमेकांपासून लांब ठेवले होते. इथे उलट विचार केला: मिसळू दे. प्रकाश सगळ्या गाभ्यांमध्ये खुशाल मिसळू द्यायचा आणि पलीकडच्या टोकाला गणिताने तो सोडवायचा. प्रत्येक गाभ्यात प्रकाशाची दोन ध्रुवीकरणं (लहरींच्या कंपनाच्या दोन दिशा), म्हणजे एकाच तरंगलांबीवर ३८ संदेश एकमेकांत पूर्ण कालवलेले. आणि अशा तरंगलांब्या १८०. प्रत्येकीवरचे ३८ संदेश पलीकडच्या रिसीव्हरने वेगळे करून दिले.

पण हे गणित जुळायचं तर सगळ्या गाभ्यांतला प्रकाश जवळपास सारखाच क्षीण व्हायला हवा, आणि प्रकाश पुन्हा वाढवणारे ॲम्प्लिफायर १९ च्या १९ वाटांवर समतोल राहायला हवेत. एक वाट जरा कमजोर पडली की मिसळलेलं सगळंच बिघडतं. याच प्रकारच्या १९ गाभ्यांच्या फायबरवर २०२३ मध्ये १.७ पेटाबिट मिळाले होते, पण फक्त ६३.५ किलोमीटरवर, कारण प्रकाशाचा ऱ्हास जास्त होता. सुमितोमोने फायबरची रचना सुधारली, सी आणि एल या तरंगलांब्यांच्या दोन्ही पट्ट्यांत ऱ्हास खाली आणला, म्हणून पुढचा पल्ला शक्य झाला.

हे १,८०८ किलोमीटर जमिनीवर अंथरलेले नव्हते हेही सांगायला हवं. ८६.१ किलोमीटर फायबर होतं, आणि संदेश त्यातून २१ वेळा फिरवला. लांब पल्ल्याच्या संशोधनातली ही सर्वमान्य पद्धत आहे, फसवणूक नाही. मात्र ‘जपानने दोन शहरं जोडली’ असं कुणी लिहीत असेल तर ते खरं नाही.

‘अख्खं नेटफ्लिक्स एका सेकंदात’

आधी बिट आणि बाइट. कित्येक फॉरवर्डमध्ये ‘पेटाबाइट’ लिहिलेलं असतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तिथेच गोष्ट आठ पटींनी फुगली. १.०२ पेटाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे १२७ टेराबाइट.

आता हे उतरवून घेणार कशावर? बाजारात मिळणारी चांगल्यातली चांगली एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे संगणकातली वेगवान साठवण, सेकंदाला १२-१४ गिगाबाइट लिहिते, तीही थोडाच वेळ. १२७ टेराबाइटसाठी अशा सुमारे दहा हजार एसएसडी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने लिहीत असायला हव्यात. कुठल्याही एका माणसाच्या डाउनलोडशी या आकड्याचा संबंध नाही. तो लाखो लोकांची एकत्र वाहतूक वाहून नेणाऱ्या मुख्य वाहिनीचा आकडा आहे.

आणि ‘वेग’ या शब्दाने आणखी एक गैरसमज होतो. या फायबरमधून संदेश तुमच्या घरच्या फायबरपेक्षा लवकर पोचत नाही. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख ४ हजार किलोमीटर जातो, मग गाभा एक असो की एकोणीस. १,८०८ किलोमीटरला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात, आणि लागणारच. जास्त गाभ्यांनी वाढते ती क्षमता.

संदेश खरोखर लवकर पोचवायचा तर काच टाळावी लागते, आणि त्यावरचं कामही सध्या जोरात आहे. पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये प्रकाश हवेतून जातो, तेच १,८०८ किलोमीटर ६ मिलिसेकंदांच्या आसपास कापतो. सप्टेंबर २०२५ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या गटाने अशा फायबरमध्ये प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला ०.०९१ डेसिबलपर्यंत (प्रकाश किती घटला ते मोजायचं हे एकक) खाली आणल्याचं ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये प्रसिद्ध केलं. या आकड्याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागेल. १९७० मध्ये कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी किलोमीटरला १७ डेसिबल ऱ्हासाचं फायबर बनवलं तेव्हा क्रांती झाली असं म्हटलं गेलं, आणि त्यात एका किलोमीटरनंतर १०० भागांतला जेमतेम २ भाग प्रकाश उरत होता. पुढच्या काही दशकांत भरीव काच सुधारत सुधारत ०.१४ डेसिबलच्या आसपास येऊन अडली, कारण काचेचे रेणूच प्रकाश विखुरतात. ती भिंत पोकळ फायबरने ओलांडली. नव्या फायबरमध्ये प्रकाश निम्मा व्हायला ३३ किलोमीटर जावे लागतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली फायबरमधली ही सर्वात मोठी घटना आहे, आणि तिचा फॉरवर्ड मला एकदाही आलेला नाही.

‘नवी केबल लागत नाही’

हे अर्धवट वाचल्याचं फळ. एनआयसीटी म्हणते त्या ‘प्रमाणित जाडी’चा अर्थ एवढाच की हे फायबर आजच्या कारखान्यांच्या यंत्रांवर ओढता येईल, आजच्याच मापाच्या केबलमध्ये बसेल. जमिनीत आज पुरलेलं फायबर एका गाभ्याचं आहे. त्यात बाहेरून अठरा गाभे घालता येत नाहीत. नवं फायबर टाकावंच लागेल, आणि ते जोडणारे, प्रकाश वाढवणारे, शेवटी उलगडणारे सगळे घटकही नवे लागतील.

जुन्याच फायबरचा विषय असेल तर दुसरा प्रयोग सांगा, तोही याच संस्थेचा. २०२४ मध्ये एनआयसीटीने ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठासह बाजारात मिळणाऱ्या साध्या, एका गाभ्याच्या फायबरमधून ४०२ टेराबिट प्रति सेकंद पाठवले, ५० किलोमीटरवर. आज व्यवहारात मुख्यतः सी आणि एल हे पट्टे वापरले जातात. त्यांनी ओ पासून यू पर्यंतचे सगळे पट्टे वापरले, १,५०५ तरंगलांब्या. प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळ्या जातीचा ॲम्प्लिफायर लागतो, आणि खरी अडचण तीच आहे.

‘भारतापेक्षा १ कोटी ६० लाख पट’

भागाकार बरोबर आहे, तुलना निरर्थक आहे. कोयनेच्या धरणाचा विसर्ग घ्यायचा, त्याला स्वयंपाकघरातल्या नळाच्या धारेने भागायचं आणि आपण किती मागे आहोत ते सांगायचं, तसला हा प्रकार. एका बाजूला मुख्य वाहिनीची प्रयोगातली क्षमता, दुसऱ्या बाजूला एका ग्राहकाला मिळणारा वेग.

याच पद्धतीने जपानची तुलना करून बघा. तिथे एनटीटी २०२० पासून घरगुती ग्राहकांना १० गिगाबिटची जोडणी विकते. १.०२ पेटाबिट त्याहून १ लाख पटींनी जास्त आहे. मग जपानही जपानपेक्षा लाख पटींनी मागे आहे का?

तुलना करायचीच तर अशी करू. १.०२ पेटाबिट मुंबईच्या सगळ्या माणसांत वाटले, २०११ च्या जनगणनेतले १ कोटी २४ लाख धरून, तर प्रत्येकाला एकाच वेळी ८२ एमबीपीएस मिळतात. अख्ख्या शहराला, ०.१२५ मिमीच्या एका काचेतून! हे वाचून छाती दडपते की नाही? कोटी पटींच्या त्या आकड्यापेक्षा हा हिशोब मला कितीतरी जास्त थक्क करतो.

समुद्रात याचं महत्त्व आणखी आहे. २आफ्रिका ही जगातल्या सर्वात लांब समुद्री केबलपैकी एक, तिची एक शाखा मुंबईला येते. तिच्यात फायबरच्या १६ जोड्या आहेत आणि एकूण क्षमता १८० टेराबिटपर्यंत. आणखी जोड्या भरायच्या तर केबल जाड होते, आणि समुद्रतळावरच्या ॲम्प्लिफायरना लागणारी वीज किनाऱ्यावरूनच पाठवावी लागते, तिलाही मर्यादा आहे. म्हणून केबलची जाडी न वाढवता आत जास्त वाटा कशा बसतील यावर सगळ्यांचं लक्ष आहे. तैवान, फिलिपिन्स आणि अमेरिका जोडणाऱ्या टीपीयू केबलसाठी गूगल आणि एनईसी यांनी दोन गाभ्यांचं फायबर वापरायचं २०२३ मध्येच जाहीर केलं. दोन, एकोणीस नव्हे. प्रयोगशाळा आणि समुद्र यांच्यातलं आजचं अंतर एवढं आहे.

‘लवकरच घरोघरी’

हे काही फॉरवर्डच्या शेवटी चिकटवलेलं असतं. घरोघरी येणार नाही, कारण ते घरासाठी नाहीच. मुख्य वाहिन्यांसाठी येईल, पण त्याआधी १९ वाटांचे ॲम्प्लिफायर आणि ते गुंतागुंतीचं गणित कमी विजेत चालावं लागेल. खुद्द एनआयसीटीनेच पुढचं काम म्हणून हे सांगितलं आहे.

आता त्या बफरिंगबद्दल. तुमच्या घरी नेट अडकतं याचं कारण मुंबई-पुण्यातल्या मुख्य फायबरची क्षमता संपली हे जवळपास कधीच नसतं. अडचण शेवटच्या काही किलोमीटरांत असते. बहुतेक घरांत जीपॉन पद्धतीची जोडणी आहे: कंपनीच्या केंद्रातून निघणाऱ्या एका फायबरवर सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट येतात, आणि वाटेत खांबावरच्या किंवा सोसायटीतल्या स्प्लिटरमधून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. रात्री नऊला सगळे एकदम बघायला बसले की वाट्याला काय येतं ते उघड आहे. याचा उपायही आज उपलब्ध आहे, १० गिगाबिटची एक्सजीएस-पॉन. स्प्लिटर आणि फायबर तेच राहतात, दोन्ही टोकांची यंत्रं बदलतात. आपल्या कंपनीला विचारायचं तर हे विचारा: आमच्या स्प्लिटरवर किती घरं आहेत, आणि एक्सजीएस-पॉन कधी देणार?

दुसरी गोष्ट तुम्ही आजच तपासू शकता. घरातल्या फायबरच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाचा एक आकडा असतो, उण्यात. डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते तो सांगतो, डीबीएम या एककात. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ म्हणजे डब्यापर्यंत फक्त २ मायक्रोवॉट प्रकाश पोचतो आहे. तिथून आणखी खाली गेला की नेट तुटायला लागतं आणि एलओएसचा (संदेश येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं: दाराच्या फटीत चेमटलेली वायर, कपाटामागे काटकोनात वळवलेली वायर, पावसाळ्यात खांबावरच्या डबीत शिरलेलं पाणी, किंवा धूळ बसलेला कनेक्टर. वाकलेली वायर आधी मोकळी करा. तरीही आकडा सुधारला नाही तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून केबलवाल्याला पाठवा, आणि जोड नव्याने करून द्यायला सांगा.