पॉजचं बटण माझ्याकडेच राहू द्या

इतक्या वर्षांत माझ्या तासाला वर्गाने टाळ्या वाजवल्या, असं एकदाच झालंय. त्या टाळ्याही माझ्यासाठी नव्हत्या, पडद्यावरच्या चंद्रासाठी होत्या. सातवीला चंद्राच्या कला शिकवायच्या होत्या आणि मला एक चार मिनिटांचं ॲनिमेशन सापडलं होतं. निळीशार पृथ्वी, तिच्याभोवती डौलात फिरणारा चंद्र, एका बाजूने येणारा सूर्यप्रकाश, भारदस्त आवाजातलं निवेदन, मागे हळू वाजणारं संगीत. संपल्यावर मी विचारलं, "समजलं?" सगळा वर्ग एका सुरात, "होऽऽ बाई!" मी खूश. दोन तासिकांचं काम चार मिनिटांत उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून सांगितलं, वही काढा आणि आपल्याला अर्धा चंद्र का दिसतो त्याची आकृती काढा. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये सूर्य आणि चंद्राच्या मधे पृथ्वी, आणि चंद्रावर पडलेली तिची सावली. म्हणजे ग्रहणाची आकृती! कलांचा पृथ्वीच्या सावलीशी संबंधच नसतो. व्हिडिओ पाहण्याआधी मुलांच्या डोक्यात जे होतं ते जागचं हललं नव्हतं. आणि गंमत म्हणजे, एकालाही आपण काही वेगळं पाहिलं होतं असं वाटत नव्हतं. एक मुलगी तर म्हणाली, "बाई, व्हिडिओत असंच होतं की."

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली जिथे तिथे ऐकू येणारा सल्ला. प्रत्येक तासाला एक छोटा व्हिडिओ लावा, मुलांचं लक्ष आता सहा मिनिटांपलीकडे टिकतच नाही. स्टाफरूममध्ये हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की विरोध करणारा मागासलेला ठरतो. मी मागासलेली नाही. वर्गात व्हिडिओ लावते, आठवड्यातून दोनतीनदा तरी लावते. पण हा सहा मिनिटांचा आकडा आला कुठून, ते एकदा बघायला हवं.

२०१४ साली फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरची आकडेवारी तपासली. चार अभ्यासक्रम, व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, लोक सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सहा मिनिटं टिकतात. चांगला अभ्यास आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी मोजलं काय? माणूस किती वेळ बघत राहिला ते. किती शिकला ते नाही. आणि बघणारा कोण? आपल्या घरी, आपल्या स्क्रीनसमोर, कंटाळा आला की खिडकी बंद करायला मोकळा असलेला. माझ्या वर्गातल्या मुलाला ती सोय नाही. तो बाकावर बसून सहा मिनिटांचा व्हिडिओही न बघता काढू शकतो, आणि चेहरा बघून मला कळणारही नाही. छोटा व्हिडिओ बरा, हे मान्य. पण छोटा आहे म्हणून समजतो, हे कुणी सांगितलं?

उलट, फार छान समजल्यासारखा वाटणारा व्हिडिओच मला आता धोक्याचा वाटतो. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली, २००८ साली. (आज लोक त्यांना व्हेरिटॅसियम या यूट्यूब चॅनेलमुळे ओळखतात.) त्यांनी भौतिकशास्त्राच्या एकाच मुद्द्यावर वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ केले. एकात सरळ, स्वच्छ, बरोबर स्पष्टीकरण. दुसऱ्यात एक पात्र आपला चुकीचा समज बोलून दाखवतं, मग त्यावर वाद होतो आणि शेवटी बरोबर गोष्ट पुढे येते. पहिला पाहणारे म्हणाले, स्पष्ट आहे, सोपं आहे. चाचणीत मात्र त्यांची गाडी जवळपास होती तिथेच. दुसऱ्या व्हिडिओला लोक गोंधळात टाकणारा म्हणाले आणि शिकले जास्त.

माझ्या चंद्राचं नेमकं हेच झालं होतं. व्हिडिओ मुलांच्या सावलीवाल्या समजाला हातही लावत नव्हता. त्यामुळे मुलांनी जे पाहिलं ते आपल्या जुन्या समजात बसवून घेतलं आणि पुढे गेली. "सावली नाही हं" असं कुणी म्हटलंच नाही, तर मोडणार कशी ती?

आणि "समजलं का" या प्रश्नाचं तर काय सांगावं! अमेरिकेत २०१३ साली शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जेमतेम एका मिनिटाचा व्हिडिओ दाखवला. तिरंगी मांजरं बहुतेक सगळ्या माद्याच का असतात, हा विषय. बोलणारी व्यक्ती एकच, मजकूर तोच. एका व्हिडिओत ती समोर बघून, न अडखळता बोलते, दुसऱ्यात खाली वाकून कागदावरून चाचपडत वाचते. पहिला पाहिलेल्यांना वाटलं आपल्याला खूप लक्षात राहील. प्रत्यक्षात दोन्ही गटांना साधारण सारखंच आठवलं. बोलणाऱ्याची सफाई आपण स्वतःच्या समजण्याच्या खात्यात जमा करतो. मुलांचा "होऽऽ बाई" खोटा नसतो, त्यांना खरंच तसं वाटत असतं. म्हणून मी तो प्रश्न विचारणं सोडलं.

हाताने करायच्या गोष्टींत हे आणखी ठळक दिसतं. कंपासने कोन दुभागायचा व्हिडिओ मुलांनी तीनदा बघितला की त्यांना वाटतं आता हातात कंपास घ्यायचीही गरज नाही. २०१८ मध्ये कार्डास आणि ओब्रायन या संशोधकांनी लोकांना डार्ट फेकण्याचा व्हिडिओ कुणाला एकदा, कुणाला वीसदा दाखवला. वीसदा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, नेम नाही. आता मी भूमितीत वीस सेकंदं दाखवते आणि थांबवते. कंस काढा. मग पुढची वीस सेकंदं. वर्गात फिरून बघते, कुणाचं टोक सरकलंय, कुणी पेन्सिल सैल बसवलीय. व्हिडिओतल्या माणसाची पेन्सिल कधीच सैल नसते, हीच तर अडचण.

मग व्हिडिओ लावायचाच कशाला? तर काही गोष्टी फळ्यावर येतच नाहीत. फार वेगाने घडणाऱ्या, फार सावकाश घडणाऱ्या, फार लांबच्या, फार लहान, किंवा वर्गात केल्या तर नोकरी जाईल अशा. सोडियमचा मोठा तुकडा पाण्यात टाकून दाखवा असं कुणी म्हणणार नाही, तिथे व्हिडिओसारखं साधन नाही.

माझी सगळ्यात लाडकी क्लिप एका मिनिटाच्याही आतली आहे. अपोलो १५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये चंद्रावर उभं राहून एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडलं. हातोडा सव्वा किलोहून जड, पीस काही ग्रॅमचं. दोन्ही एकदमच खाली पोचतात. चित्र धूसर, आवाज खरखरीत, ॲनिमेशन वगैरे काही नाही. या एवढ्याशा क्लिपला मी पूर्ण तास देते.

आधी वर्गातच वही आणि कागदाचा तुकडा वेगवेगळे सोडायचे. वही आधी पडते, सगळ्यांना अपेक्षितच असतं. मग तोच तुकडा वहीवर ठेवून वही सोडायची. दोन्ही बरोबर! इथे कुजबुज सुरू होते. मग क्लिप लावायची, आणि स्कॉट यांनी दोन्ही हात उचलले की पॉज. आता सांगा, आधी काय पडेल? नुसतं तोंडाने नाही, वहीत लिहायचं आणि कारणही लिहायचं. मग हात वर करून मोजणी, आकडे फळ्यावर. कुणी म्हणतं हातोडा, कुणी म्हणतं दोन्ही तरंगत राहतील, कारण चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं. मागच्या वर्षी यावर दोन बाकांमध्ये असं जुंपलं की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग प्ले. सात-आठ सेकंदं कुणी श्वास घेत नाही. आणि नंतर एक मुलगा, एरवी तासभर तोंड न उघडणारा, म्हणाला, "गुरुत्वाकर्षण नसतं तर मग पडलं कशाला?" मी काहीच बोलले नाही. पुढची दहा मिनिटं वर्गच बोलत होता.

सगळी करामत त्या पॉजची आहे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या गटाने २००४ साली वर्गातल्या प्रयोगांबद्दल हेच दाखवलं. प्रयोग नुसता बघणाऱ्यांना, तो अजिबात न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळत नाही. काय होईल याचा अंदाज आधी नोंदवायला लावला की फरक पडतो, आणि त्याला जेमतेम दोन मिनिटं जास्त लागतात. अंदाज चुकला की मुलाला पुढचं बघायची गरज वाटते. चुकायला काही मांडलंच नसेल, तर तो फक्त प्रेक्षक.

सावकाश घडणाऱ्या गोष्टींची मात्र एक भानगड आहे, ती मला मुलांनीच शिकवली. बी रुजण्याचा टाइमलॅप्स दाखवला, तीस सेकंदांत कोंब, मूळ, दोन पानं. मग वर्गात कुंडीत बिया लावल्या. तिसऱ्या दिवशी एक जण काळजीने विचारतो, "बाई, आपलं बी बंद पडलंय का?" तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी दहा दिवस कुंडी, रोजची नोंद, आणि शेवटी व्हिडिओ. मग मुलं पडद्याकडे बोट दाखवून म्हणतात, हा आमचा चौथा दिवस!

आवाजाबद्दलही थोडं. पार्श्वसंगीत मी बंदच करते. शिक्षणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी कितीतरी प्रयोगांतून दाखवलंय की अनावश्यक संगीत आणि सजावट शिकण्याच्या आड येते, आणि निवेदन ऐकू येत असताना तोच मजकूर पडद्यावर जसाच्या तसा लिहिला तर तोही बऱ्याचदा अडचणच करतो. अर्थात, ज्या मुलाला ऐकू कमी येतं किंवा निवेदनाची भाषा ज्याच्या घरची नाही, त्याला त्या अक्षरांचाच आधार असतो, तेव्हा हा नियम डोळे मिटून पाळू नये. मला तर पूर्ण आवाज बंद करून दाखवायला आवडतं. निवेदन मुलांनी करायचं. हृदयाच्या झडपा उघडतायत, मिटतायत, आणि एक गट उभा राहून सांगतोय काय चाललंय. कोण कुठे अडखळतं यावरून मला दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते कळतं.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा, डाउनलोड करून ठेवा, ऑटोप्ले बंद करा. माझ्या एका तासाला पचनसंस्थेनंतर आपोआप जे सुरू झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता पुन्हा चंद्राकडे. त्या फजितीनंतर मी खोली अंधारी करून एक दिवा लावला, प्रत्येकाच्या हातात चेंडू दिला आणि स्वतःभोवती फिरायला सांगितलं. डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडूवरची कोर वाढताना, अर्धी होताना त्यांनी स्वतः पाहिली, आणि डोक्याची सावली चेंडूवर पडते ती फक्त दिव्याकडे पाठ असताना, हेही त्यांनाच दिसलं. त्यानंतर तोच जुना व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी टाळ्या नाहीत. एका मुलीने हात वर केला, "बाई, यात चंद्र इतका जवळ का आहे?"

बरोबर होतं तिचं. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे मधे साधारण तीस पृथ्व्या बसतील. आम्ही बारा सेंटीमीटरचा चेंडू पृथ्वी मानला, तर चंद्र सव्वातीन सेंटीमीटरचा आला आणि अंतर साडेतीन मीटरच्या वर. एक जण फळ्याजवळ, दुसरा मागे सरकत सरकत पार मधल्या बाकांपलीकडे. इतक्या लांबच्या एवढ्याशा चंद्रावर दर महिन्याला सावलीचा नेम लागणं किती कठीण, हे मला सांगावं लागलं नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, हे तेवढं मी पुरवलं.

चंद्र त्याच्या खऱ्या अंतरावर ठेवून केलेली, कलांवरची एखादी छोटी क्लिप कुणाकडे असेल तर मला जरूर पाठवा. पडद्याच्या एका कडेला एक ठिपका, दुसऱ्या कडेला त्याहून बारीक ठिपका आणि मधे नुसता अंधार, एवढंच दिसेल त्यात. मला तेवढंच हवंय. संगीत असलं तरी चालेल, मी बंद करीन.