ब्रासोची बाटली आधी खाली ठेवा

ड्रम वाजवणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या एकाने वर ‘खास तुझ्यासाठी’ असं लिहून. मथळा असा: माळ्यावरचा विलायती स्नेअर ड्रम आठवड्यात नवा करा, किंमत दुप्पट! (स्नेअर म्हणजे खालच्या बाजूला तारा ताणलेला ड्रम.) खाली सहा कानमंत्र. घासून लखलखीत करा. बॅजवरच्या नंबरावरून नेमकं साल काढा. कंपनी एकच असली की कुठलेही भाग बसतात. शेलची, म्हणजे ड्रमच्या गोल अंगाची, वाकलेली कड ठोकून सरळ करा. तुटका स्ट्रेनर (तारा ताणायचा-सोडायचा खटका) फेकून नवा लावा. आणि अस्सलपणासाठी चामड्याचं हेड, म्हणजे टिपरी पडते तो पडदा, चढवा.

सहापैकी एकही सल्ला धड नाही. त्यातले तीन तर असे आहेत, की एकदा अमलात आणले की मागे फिरता येत नाही. माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. हेड बदललं तर पुन्हा बदलता येतं. शेलला पाडलेलं भोक न पाडलेलं करता येत नाही.

मी बोलतोय ते साठच्या दशकातल्या, शिकागोच्या लुडविग कंपनीच्या ड्रमबद्दल, कारण माझा हात त्यांच्यावरच बसलाय. एक सुप्राफोनिक, दादरच्या ऑर्केस्ट्रात उमेदीची वर्षं घालवलेल्या काकांकडून आलेला. दुसरा ॲक्रोलाइट, त्याचाच साधा भाऊ, विद्यार्थ्यांसाठी काढलेला.

घासण्यापासून सुरुवात करू. सुप्राफोनिकचं शेल ॲल्युमिनियमचं आहे (सुरुवातीचे थोडे पितळी निघाले, ते हातात घेतल्यावर वजनानेच कळतात) आणि त्यावर क्रोमचा मुलामा. ॲल्युमिनियम आणि क्रोम यांचं फारसं पटत नाही. घाम आणि दमट हवा आत शिरली की आधी मोहरीएवढे फोड येतात, मग पापुद्रे सुटतात. मुंबईत ऑर्केस्ट्राबरोबर फिरलेल्या ड्रमवर ते नसतील तरच नवल. लोकांना तो मळ वाटतो. तो मळ नाही, खालचा धातूच खाल्ला जातोय. त्यावर जोर लावला की शाबूत क्रोमही पापुद्र्याबरोबर निघतो. ॲक्रोलाइटला क्रोमच नाही, त्यामुळे हा आजारही नाही. स्वस्तातला भाऊ म्हातारपणी जास्त देखणा दिसतो तो त्यामुळे.

१९२० च्या दशकातल्या नक्षीदार ड्रमचं तर विचारूच नका. पितळी शेलवर काळ्या निकेलचा पातळ थर, आणि तो थर कोरून खालचं पितळ उघडं केलेली फुलं-पानं. काळ्यावर सोनेरी दिसतं म्हणून ती नक्षी. ब्रासो घेऊन दोन दुपार घासा, काळा थर जाईल आणि पितळावर पितळाची नक्षी उरेल. चिंच-मीठ समईला ठीक आहे, इथे नको. ओलसर मऊ फडकं, साधा साबण, लगेच कोरडं पुसणं, एवढंच. लोखंडी रिमच्या (हेड दाबून धरणाऱ्या कडीच्या) क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. गंज जातो, क्रोम राहतो.

नंबराचं प्रकरण मजेशीर आहे. लुडविगने नंबर घालायला सुरुवात केली साधारण १९६३ च्या सुमारास. पण बॅज ओळीने लागत नव्हते. कामगाराने डब्यात हात घालायचा, हाताला येईल तो बॅज ठोकायचा. त्यात ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसले, त्यांचा ड्रमर रिंगोच्या बास ड्रमवर लुडविगचं नाव अख्ख्या अमेरिकेने पाहिलं आणि कारखान्याला मागणी पुरवता पुरवता रात्र कमी पडू लागली. अशा धामधुमीत नंबरांचा क्रम कोण सांभाळणार? तेव्हा नंबरावरून काळाचा अंदाज येतो, नेमकं साल नाही. लाकडी शेल असेल तर आत तारखेचा शिक्का शोधा, तो जास्त भरवशाचा. धातूच्या शेलवर मात्र भागांना एकमेकांची साक्ष काढायला लावावी लागते. कमानीच्या माथ्यावरच्या दगडाच्या आकाराचा बॅज म्हणजे साठचं दशक. निळा-हिरवट बॅज म्हणजे त्यानंतरचा. पी-८३ स्ट्रेनर जुना, पी-८५ पुढचा. चार भाग एक काळ सांगताहेत आणि पाचवा दुसराच, तर तो पाचवा कुठून आला हे विचारायचं.

‘एकच कंपनी’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन, कुठली लुडविग? विल्यम आणि थिओबाल्ड या भावांनी १९०९ मध्ये शिकागोत काढलेली लुडविग अँड लुडविग १९२९ मध्ये कॉन या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीच्या हाती गेली आणि नाव घेऊन इंडियानातल्या एल्कहार्टला पोचली. विल्यमने १९३७ मध्ये पुन्हा नव्याने दुकान थाटलं, पण स्वतःचंच आडनाव वापरायची सोय नव्हती, म्हणून आद्याक्षरांवर भागवलं: डब्ल्यूएफएल. आडनाव परत मिळालं ते १९५५ मध्ये. म्हणजे चाळीसच्या दशकात ‘लुडविग’ लिहिलेला भाग एका घरचा आणि साठच्या दशकातला दुसऱ्या घरचा. साठच्या लुडविगची खरी आजी डब्ल्यूएफएल. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाच्या वंशावळीत होतो तसा हा घोळ आहे, आणि भाग विकणारे त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

वर आट्यांचा प्रश्न. अमेरिकन ड्रमचे टेन्शन रॉड (हेड ताणणारे स्क्रू) बहुतेक १२-२४ मापाचे: जाडी सुमारे साडेपाच मिलिमीटर, इंचाला २४ आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो एम-५ किंवा एम-६, म्हणजे ५ किंवा ६ मिलिमीटरचा. एम-५ आत खुळखुळतो. एम-६ शिरत नाही, मग कोणीतरी हुशार माणूस लगच्या (शेलवरच्या, रॉड धरणाऱ्या भागाच्या) नटाला नवा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून देतो आणि त्या नटात पुन्हा कधीही मूळ रॉड धरत नाही. जर्मन सोनोर कंपनीच्या ड्रमचे आटे मेट्रिक, ६ मिलिमीटरचे. तिथला रॉड इथे चालत नाही. हरवलेला रॉड शोधताना हातातला धड रॉड बरोबर न्यावा आणि नटात बोटाने फिरवून पाहावा. दोन-तीन फेरे सहज गेला तरच पाना लावायचा.

आता कड. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे, त्यामुळे जरा सविस्तर. ॲक्रोलाइट घरी आणला तेव्हा खालची कड समोरासमोर दोन ठिकाणी किंचित दबलेली दिसली. सपाट काचेवर ठेवला की त्या दोन जागी खालून उजेड येई. मला वाटलं, कधीतरी पडला असणार. ओळखीच्या एका कारागिराकडे नेला. माणूस हाताचा फार सफाईदार. त्याने लाकडी हातोडीने तासाभरात कड अशी सरळ केली की काचेखालून केसही सरकेना. मी खुशीत घरी आलो, हेडं चढवली, तारा लावल्या, टिपरी मारली. ड्रमऐवजी पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखा आवाज. तारा सैल केल्या तर फरफर, ताणल्या तर सगळं गुदमरलेलं.

ती दबलेली जागा पडण्याची नव्हतीच. तो स्नेअर बेड. तारांची पट्टी जिथून शेल ओलांडते तिथे कारखान्यातच कड खाली घेतलेली असते, म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं खाली जातात आणि तारा हेडवर सपाट बसतात. कारागिराचा काही दोष नाही, मी जे सांगितलं ते त्याने उत्तम केलं. वाकलेली कड खरंच असते, नाही असं नाही. पण दोन खोलगटपणे नेमके समोरासमोर, एक स्ट्रेनरखाली आणि दुसरा बटखाली (तारांचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाखाली) असतील, तर हातोडीला हात लावू नका.

स्ट्रेनरबाबत मजकूर म्हणतो, जुने कुचकामी, नवा लावा. काकांच्या सुप्राफोनिकवर कोणीतरी तेच केलं होतं. पी-८३ ची लिव्हर तुटली, म्हणून नवा मजबूत थ्रो-ऑफ, म्हणजे स्ट्रेनरच, बसवला. त्याची भोकं जुळेनात, तेव्हा मूळ भोकांशेजारी दोन नवीन पाडली. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दोन भोकांनी आवाजात ऐकू येईलसा फरक पडत नाही. पण मूळच्याच भोकांवर बसणारे आजचे स्ट्रेनरही मिळतात. ते लावा, तुटका मूळ भाग स्क्रूंसकट पिशवीत घालून केसमध्ये टाका, पुढच्या माणसाला उलट फिरायला वाट ठेवा. नवीन बनवलेला हुबेहूब भाग लावायलाही माझी ना नाही, विकताना तसं सांगितलं म्हणजे झालं. तारा आणि हेडं तर खुशाल नवी घ्या, ती झिजायचीच असतात. गंजक्या जुन्या तारा ‘मूळ आहेत’ म्हणून जपणारे पाहिले की हसू येतं.

चामड्याच्या हेडवर फार शब्द नको. प्लास्टिकची हेडं १९५७ च्या आसपास बाजारात आली आणि साठच्या दशकात लुडविग स्वतःचीच प्लास्टिक हेडं विकत होती. सुप्राफोनिकला चामडं हे अस्सल नाही, उलट बेगडी. १९२० च्या दशकातल्या ड्रमला जरूर लावा आणि पावसाळ्यात दर तासाला सुरात आणायची तयारी ठेवा.

राहिली दुप्पट किंमत. जाणता गिऱ्हाईक चकाकी विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न, जास्तीची भोकं आहेत का? दुसरा, क्रोम मूळचा का?

काकांच्या ड्रमला साठच्या दशकातला पी-८३ शोधण्यात माझं वर्ष गेलं. परदेशातून मागवायचा तर वाहतूक आणि जकात भागाच्या किमतीपेक्षा जड. आणि तो सगळा वेळ माझ्याच माळ्यावर होता: कड सरळ करून बसलेल्या ॲक्रोलाइटला. तोच स्ट्रेनर, त्याच काळातला. एका रविवारी तो काढून सुप्राफोनिकच्या मूळ भोकांवर लावला, जास्तीच्या दोन भोकांना आतून काळी टेप. लिव्हर खटकन बसते. ॲक्रोलाइट आता तारांविना आहे. शेजारचा मुलगा टिंबाली (बिनतारांचा धातूचा ड्रम) म्हणून बडवतो.